नर की मादी? – त्याआधीचे चार प्रश्न

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी वाढदिवसाची भेट म्हणून ‘लेपर्ड गेको’ जातीच्या पालीचे पिल्लू मागून घेतले. ते घरी येऊन तीन आठवडे झाले. पत्रातील मुख्य प्रश्न असा, की हे पिल्लू नर आहे की मादी, हे कसे ओळखावे? मुलाला त्याचे नाव ठेवायचे आहे आणि तेवढ्यासाठी तो अडून बसला आहे. पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून आणखी काही ओळी लिहिल्या आहेत. पिल्लू आठवडाभर नीट खात नाही आणि त्याची शेपटी बारीक दिसू लागली आहे. घरात तीन वर्षांची धाकटी मुलगी आहे. शिवाय पुढील महिन्यात सांगलीहून सासूबाई सहा महिन्यांसाठी येत आहेत. त्यांचे वय बहात्तर असून मधुमेहाची औषधे चालू आहेत. नातवाने पाल पाळल्याचे फोनवर कळल्यापासून त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते आहे.

मी माणसांचा डॉक्टर आहे. म्हणून पिल्लाच्या प्रकृतीविषयीचा मजकूर एका पशुवैद्य स्नेह्यांकडून तपासून घेतला आहे. तथापि हा ताजा कलम वाचल्यावर हा विषय कुटुंबाच्या आरोग्याचाच आहे, याबद्दल मला शंका उरली नाही.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. लेपर्ड गेको म्हणजे बिबट्या पाल. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरडा, खडकाळ मुलूख हे तिचे मूळ घर. पिल्लांच्या अंगावर आडवे पट्टे असतात. वाढत्या वयाबरोबर त्यांच्या जागी ठिपके येतात. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, हिला त्या असतात. मात्र हिच्या बोटांना चिकटण्याची सोय नसल्यामुळे ती काचेवर चढू शकत नाही. ती दिवसा लपून राहते आणि संध्याकाळनंतर बाहेर पडते. चरबीचा साठा ती शेपटीत करते, त्यामुळे तिची शेपटी हीच तिची तब्येत सांगणारी खूण होय. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू अवघे तीन-चार ग्रॅमचे असते. नीट सांभाळ झाला तर ही पाल पंधरा-वीस वर्षे जगते. नऊ वर्षांचा मुलगा पंचविशीचा होईपर्यंतची ही जबाबदारी आहे, हे घरातील मोठ्यांनी ध्यानात घ्यावे.

या पालीच्या भावंडजाती महाराष्ट्राच्या रानातही आहेत. त्यांपैकी सातपुड्यातील एका जातीची शास्त्रीय नोंद तर २०१४ साली झाली. त्या वन्य जीव आहेत. हा लेख वाचून कोणीही रानातून पाल उचलून आणू नये, ही विनंती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘मुलगा की मुलगी?’ हा असतो. आत उभ्या असलेल्या डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे प्रश्न निराळे असतात. बाळ रडले का, श्वास नीट चालू आहे का, रंग कसा आहे, वजन किती भरले? पालीच्या पिल्लाच्या बाबतीत हा क्रम निसर्गानेच लावून दिला आहे. त्याचे लिंग पहिले काही महिने बाहेरून खात्रीने कळत नाही. आणि ज्या तक्रारी त्याच्या जिवावर बेततात, त्यांतील बऱ्याचशा याच महिन्यांत उद्भवतात. म्हणून नावाआधी चार प्रश्नांची उत्तरे शोधू.

पहिला प्रश्न : पिल्लाचे वजन वाढते आहे का?

पाल स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब निर्माण करू शकत नाही. ती बाहेरून घेते. अन्न पचवण्यासाठीही तिला ही ऊब लागते. पेटी थंड असेल तर भूक मंदावते आणि खाल्लेले अन्न पोटात तसेच पडून राहते. म्हणून पिल्लू खात नसेल तर खाद्य बदलण्याआधी पेटीचे तापमान मोजावे. पेटीच्या एका बाजूची जमीन सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, म्हणजे अमेरिकी हिशेबाने ८८ ते ९१ अंश फॅरनहाइट असावी. दुसरी बाजू २४ ते २६ अंश सेल्सिअस, म्हणजे ७५ ते ७९ अंश फॅरनहाइट असावी. दोन्ही बाजूंना लपायला आडोसा हवा. खालून ऊब देणारी हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नये, कारण तिने पोट भाजते.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पिल्लाचे वजन करून वहीत लिहावे. ग्रॅम दाखवणारा काटा त्यासाठी वेगळा ठेवावा; स्वयंपाकघरातला वापरू नये. हे काम मुलाकडे सोपवण्यासारखे आहे. नव्या घरी आल्यावर पहिले काही दिवस पिल्लू कमी खाते, ते स्वाभाविक आहे. त्या काळात त्याला उगाच हाताळू नये. परंतु तीन आठवड्यांनंतरही ते खात नसेल, वजन घटत असेल आणि शेपटी काडीसारखी होत असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा. जाताना ताजी विष्ठा स्वच्छ डबीत न्यावी. अशा झडणीमागे जंत असू शकतात. ‘क्रिप्टोस्पोरिडियम’ नावाचा आतड्यातील परजीवीही असू शकतो, आणि त्यावर आजही खात्रीचा इलाज नाही. तो एका पालीकडून दुसरीकडे जातो. म्हणून घरात आधीची पाल असेल तर नवे पिल्लू निदान तीन महिने वेगळ्या पेटीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे.

दुसरा प्रश्न : हाडे मजबूत होत आहेत का?

आपल्या मुलांना ड जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी पडले की मुडदूस होतो; पाय वाकतात, मनगटे जाड होतात. पालीच्या पिल्लांत हाच प्रकार फार झपाट्याने घडतो. त्यांचे खाद्य म्हणजे रातकिडे आणि मीलवर्म नावाच्या अळ्या. या कीटकांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. जबडा रबरासारखा मऊ लागणे, पाय वाकणे, चालताना पोट जमिनीवरून उचलता न येणे आणि बोटे थरथरणे ही लक्षणे दिसली तर उशीर झालाच आहे असे समजून पशुवैद्याकडे धाव घ्यावी.

हे टाळणे सोपे आहे. कीटक पिल्लासमोर सोडण्यापूर्वी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवावेत. त्या कीटकांनाही आदल्या दिवशी चांगला भाजीपाला खाऊ घालावा. ड जीवनसत्त्व मात्र बेताने व पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. त्याचा अतिरेकही घातक असतो, पालीला आणि माणसालाही. कीटक पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. उरलेले रातकिडे रात्रभर पेटीत ठेवू नयेत, कारण ते पिल्लाला कुरतडतात.

उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या अंगणातून काजवे चमकतात. मुलाने कौतुकाने एखादा पकडून पिल्लाला देणे अगदी शक्य आहे. हे कटाक्षाने टाळावे. तेथील काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि एकच काजवाही लहान सरपटणाऱ्या प्राण्याचा जीव घेऊ शकतो.

तिसरा प्रश्न : कात नीट सुटते का, पोट साफ आहे का?

वाढत्या वयातील पिल्लू साधारण दर दोन आठवड्यांनी कात टाकते आणि ती खाऊनही टाकते. थंडीच्या दिवसांत घरातील हीटरमुळे हवा कोरडी होते. मग कातीचे तुकडे बोटांवर अडकून राहतात. बोटाला दोरा घट्ट बांधून ठेवला तर जे होईल तेच येथे होते. रक्तपुरवठा थांबतो आणि बोट झडते. झाकणाच्या डबीला भोक पाडून आत ओला कागद ठेवला की दमट आडोसा तयार होतो. तो पेटीत कायम असावा. प्रत्येक कातीनंतर बोटे तपासावीत. अडकलेला तुकडा ओढून काढू नये. कोमट ओलाव्यात काही वेळ ठेवून तो हलकेच सोडवावा.

पेटीत वाळू घालू नये, मग ती दुकानात खास म्हणून विकली जात असली तरी. पिल्लू किड्यावर झडप घालते तेव्हा वाळूही गिळते आणि आतडे तुंबते. साधा कागदी टॉवेल सर्वांत उत्तम. त्यावर विष्ठाही लगेच दिसते. पिल्लाला शेपटी धरून कधीही उचलू नये. भीतीने ते शेपटी सोडून देते. शेपटी पुन्हा येते, परंतु साठवलेले बळ गेलेले असते.

रंगाच्या हौसेबद्दलही एक शब्द. काही रंगवाण आजार बरोबर घेऊन येतात. ‘एनिग्मा’ वाणाच्या पालींना तोल सांभाळता येत नाही, त्या गोल फिरत राहतात. ‘लेमन फ्रॉस्ट’ या पिवळ्या-पांढऱ्या वाणात त्वचेच्या गाठी होतात. त्यामागचा जनुकीय दोष २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आला. पिल्लू निवडताना रंगापेक्षा चाल आणि शेपटी पाहावी.

चौथा प्रश्न : घरातील माणसे सुरक्षित आहेत का?

येथे सासूबाईंच्या शंकेला मी अर्धा होकार देतो. पालीच्या अंगात विष नसते. आपल्या घरच्या पालीत नाही आणि या बिबट्या पालीतही नाही. मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात ‘साल्मोनेला’ नावाचे जीवाणू सुखाने राहू शकतात. प्राणी धडधाकट दिसतो आणि विष्ठेतून जीवाणू बाहेर पडत असतात. तेथून ते त्याच्या कातडीवर, पेटीच्या काचेवर, पाण्याच्या भांड्यावर आणि शेवटी माणसाच्या हातावर येतात. विषमज्वराचा जीवाणू याच कुळातला. पण पालीकडून येतो तो सहसा जुलाबांचा आजार. संसर्गानंतर काही तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. निरोगी प्रौढ माणूस चार ते सात दिवसांत बरा होतो. तान्ह्या बाळांत, पाच वर्षांखालील मुलांत, पासष्टीपुढील व्यक्तींत आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांत मात्र हे जीवाणू रक्तात उतरू शकतात. तान्ह्या बाळांत क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात.

हा धोका कागदोपत्री नाही. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणाने. लहान मुले ती तोंडात घालत. २०१५ साली तेथे ‘क्रेस्टेड गेको’ या पाळीव पालींमुळे साल्मोनेलाची साथ उद्भवली आणि तेथील रोगनियंत्रण केंद्राने तिचा माग काढला. पाच वर्षांखालील मूल किंवा पासष्टीपुढील व्यक्ती असलेल्या घरात सरपटणारा प्राणी न पाळणे उत्तम, असा तेथील आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. या ताईंच्या घरी दोन्ही वयांची माणसे असणार आहेत. म्हणून मी स्पष्टच लिहितो. सासूबाई असतील तेवढे सहा महिने पिल्लू एखाद्या जाणत्या, लहान मुले नसलेल्या घरी ठेवता आले तर तो मार्ग सर्वांत चांगला. ते शक्य नसेल तर पुढील नियम घरातील प्रत्येकाने, एकही दिवस न चुकता पाळावेत.

पेटी मुलाच्या खोलीत असावी. स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलाजवळ नसावी. धाकट्या मुलीने व आजींनी पिल्लाला, पेटीला वा कीटकांच्या डबीला हात लावू नये. पिल्लाला घरात मोकळे सोडू नये. त्याचा पापा घेणे, त्याला गालाशी धरणे बंद. हाताळल्यावर साबणाने निदान वीस सेकंद हात धुवावेत आणि मुलाने ते मोठ्यांच्या देखत धुवावेत. पेटी व भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत. शक्य तर घराबाहेर, बादलीत धुवावीत आणि ते पाणी संडासात ओतावे. पिल्लाला प्रतिजैविके देऊन हे जीवाणू घालवण्याचा प्रयत्न करू नये. ते जात नाहीत, उलट औषधांना न जुमानणारे बनतात.

आता लिंगाविषयी

माणसाच्या बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणी ठरते आणि ते ठरते पित्याकडून आलेल्या गुणसूत्राने. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे पुन्हा एकदा वाचावे. बिबट्या पालीत मात्र अशी लिंग ठरवणारी गुणसूत्रे नाहीत. अंडे किती उबेत वाढले यावर तिचे लिंग ठरते. सुमारे २६ अंश सेल्सिअसला जवळजवळ सगळ्या माद्या निघतात. साडेबत्तीस अंशांच्या आसपास बहुतेक नर निघतात. ऊब ३४ अंशांच्या पुढे गेली की पुन्हा बहुतेक माद्याच. तापमानावर लिंग ठरते हे सरड्यांच्या एका जातीत मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने १९६६ साली प्रथम दाखवले. टेक्सस विद्यापीठातील डेव्हिड क्रूज यांनी पुढे बिबट्या पालीवर दीर्घकाळ काम केले. जास्त उबेत वाढलेल्या माद्या अधिक आक्रमक होतात, असे त्यांच्या प्रयोगशाळेला आढळले.

दुकानदार लहानशा पिल्लाला ‘मादी’ म्हणून विकतो, तो बहुधा उबवणीच्या तापमानावरून. तो अंदाज असतो, हमी नव्हे. खात्रीची खूण शरीरावरच पाहावी लागते. वाढलेल्या नराच्या मागील दोन पायांच्या मधोमध, शेपटीच्या मुळाशी असलेल्या द्वाराच्या वर, कोन करणारी ठळक छिद्रांची रांग असते आणि त्यांत मेणासारखा स्राव दिसतो. द्वाराच्या खाली, शेपटीच्या सुरुवातीस, दोन फुगवटे असतात. मादीलाही तेथे फिकट खळगे असतात, पण फुगवटे नसतात. अनुभवी माणूस भिंगातून काही आठवड्यांच्या पिल्लातही ही रांग हेरतो. पण नवख्याने सहा महिने, बरे तर वर्षही, थांबावे. पाहण्यासाठी पिल्लाला उताणे धरू नये. पारदर्शक डब्यात ठेवून खालून छायाचित्र काढावे आणि ते मोठे करून पाहावे. दर महिन्याला असे एक छायाचित्र वजनाच्या वहीसोबत ठेवले, तर उत्तर एके दिवशी आपोआप समोर येईल.

लिंग कळण्याचे आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व आहे, पण ते पुढे. दोन नर एका पेटीत ठेवले तर एकमेकांना जखमी करतात. नर-मादी एकत्र ठेवले तर अंगात पुरेसे बळ येण्याआधीच मादीवर अंड्यांचा भार पडतो. एकटी मादीही नराशिवाय वांझ अंडी घालू शकते. तिला तेव्हा अधिक कॅल्शियम आणि अंडी घालायला ओलसर जागा लागते, नाहीतर अंडे आत अडकते. एका पेटीत एकच पाल ठेवणाऱ्या घराला तोपर्यंत घाई करण्याचे कारण नाही. नावासाठीही नाही. किरण, सुहास, शीतल अशी दोघांनाही शोभणारी नावे मराठीत हवी तेवढी आहेत.

तेव्हा ताई, या आठवड्यात करायची कामे अशी. आज पेटीच्या दोन्ही बाजूंचे तापमान मोजा. पिल्लाचे वजन लिहून ठेवा. वाळू असेल तर काढून कागद अंथरा. दोन दिवसांत पशुवैद्याची वेळ घ्या. बारीक होत चाललेल्या शेपटीला वाट पाहायला लावू नका. सासूबाईंच्या मुक्कामात पिल्लू कोठे राहील, हे त्या येण्यापूर्वीच ठरवा आणि मुलालाही त्या निर्णयात सामील करून घ्या.

शेवटी, सरपटणारा प्राणी असलेल्या सर्वच घरांसाठी. लहान मुलाला किंवा वृद्धांना ताप व जुलाब एकत्र सुरू झाले तर जलसंजीवनी लगेच सुरू करावी. विष्ठेत रक्त, उतरत नसलेला ताप, सुस्ती किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मधुमेही वृद्ध आणि तान्हे बाळ यांच्या बाबतीत तेवढीही वाट पाहू नये. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी, आमच्या घरी पाल पाळली आहे, हे आपण होऊन सांगावे.